दुर्बिणीची कार्बन नळी : बडोद्यातील प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२४

काल अमावास्येची संपूर्ण रात्र डभोई रस्त्यावरील ओळखीच्या शेतात काढली आणि जुन्या ॲल्युमिनियमच्या नळीची परीक्षा पुरी केली. आरसा २५० मिलिमीटर व्यासाचा आहे, त्याचे नाभीय अंतर १२५० मिलिमीटर आहे, म्हणजे फोकल रेशो ५. संध्याकाळी सात वाजता तापमान २८ अंश होते, पहाटे पाचला १४. फोकसरवर, म्हणजे कॅमेरा आत-बाहेर सरकवून फोकस साधणाऱ्या नळकांड्यावर, मायक्रॉन दाखवणारा डायल गेज बसवला होता आणि दर तासाला बाख्तिनॉव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावरची चिरांची जाळी, फोकस बरोबर असला की ताऱ्याभोवतीची मधली रेघ मध्यावर येते) लावून मी फोकस नव्याने साधत होते. रात्रभरात फोकसर एकूण ०.३५ मिलिमीटर बाहेर काढावा लागला. या फोकल रेशोला तारे टोकदार राहण्यासाठी दोन्ही बाजूंना जेमतेम २७ मायक्रॉनची मुभा असते, त्यामुळे एका तासात फोकस हातचा जात होता आणि लांब एक्स्पोजरची निम्मी छायाचित्रे टाकून द्यावी लागली.

कारण उघड दिसते. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढते किंवा आक्रसते. आरशाच्या बैठकीपासून, प्रकाश बाजूला फोकसरकडे वळवणाऱ्या दुय्यम आरशापर्यंत नळीची लांबी १.१ मीटर आहे, आणि १४ अंशांचा हिशेब केला की ३५४ मायक्रॉन येतात. मोजमाप आणि गणित इतके चपखल जुळले की दुसरे कारण शोधण्याची गरजच वाटली नाही. वजनाला हलकी आणि तापमानाने न हलणारी नळी स्वतः बनवायची, असे आज ठरवले.

१८ फेब्रुवारी २०२४

न वाढणारा धातू म्हटले की पहिले नाव इन्व्हारचे येते. शार्ल एदुआर ग्योम यांनी १८९६ मध्ये लोखंड आणि ३६ टक्के निकेल यांच्या या मिश्रधातूचा गुण ओळखला आणि १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना अशाच कामासाठी मिळाले. त्याचा प्रसरणांक, म्हणजे दर अंशाला मीटरमागे होणारी वाढ, १.२ मायक्रॉनच्या आसपास असतो. अडचण वजनाची आहे, कारण एक मिलिमीटर जाडीची नळी केली तरी ती अकरा किलोच्या घरात जाते आणि माझे माऊंट, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणारा स्टँड, तेवढा भार पेलणार नाही. लाकूड रेषांच्या दिशेने कमी वाढते, परंतु बडोद्याच्या पावसाळ्यात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

उरतो तो कार्बन तंतू. हा तंतू तापवला की लांबीच्या दिशेने किंचित आखूड होतो, त्याचा प्रसरणांक उणे ०.४ आहे. तंतूंना बांधून ठेवणाऱ्या इपॉक्सी रेझिनचा मात्र अधिक ६०. दोघांची मोट बांधली की अंतिम आकडा नुसत्या प्रमाणावर ठरत नाही, ताठपणाच्या जोरावर ठरतो, आणि तंतू रेझिनपेक्षा सुमारे पाऊणशे पट ताठ असल्यामुळे त्याचेच चालते. हाताने कापड भिजवून, नीट दाबून आकारमानाच्या ५५ टक्के तंतू बसवता येतात असे धरले, तर तंतूच्या दिशेने प्रसरणांक ०.२४ येतो. आडव्या दिशेने मात्र रेझिनला आवरणारे कोणी नसते आणि तिथे तोच आकडा ३२ च्या आसपास जातो. एकाच पदार्थात दोन दिशांना इतका फरक असणे ही अडचणही आहे आणि सोयही. पुढचे सगळे काम या फरकाला कामाला लावण्याचे आहे.

३ मार्च २०२४

सर्व तंतू नळीच्या लांबीने घातले, तर नळी उभी चिरेल, म्हणून थर तिरपे घालावे लागतात, एक उजवीकडे झुकलेला आणि त्यावर तेवढाच डावीकडे झुकलेला. लॅमिनेट सिद्धांताची, म्हणजे थरांच्या पदार्थाच्या गणिताची, समीकरणे स्प्रेडशीटमध्ये मांडून नळीच्या लांबीशी तंतूंचा कोन शून्यापासून वाढवत नेला. १० अंशांना लांबीचा प्रसरणांक उणे ०.५५ आला, २० अंशांना उणे २.६, ३० अंशांना उणे ४.३. त्यापुढे तो उलटा फिरला आणि ४५ अंशांना अधिक २.६ झाला.

उणे आकडा पाहून भाच्याने विचारले, "मावशी, तापवल्यावर नळी आखूड कशी होईल?" त्याला रावपुऱ्यातल्या दुकानाचा सरकता जाळीचा दरवाजा आठवायला सांगितले. तो दरवाजा आडवा ताणला की त्याची उंची कमी होते. तिरप्या तंतूंची जाळी तशीच असते. उष्णतेने प्रत्येक थर तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, जाळी रुंदीला उघडते आणि लांबीला मिटते.

शून्य दोन ठिकाणी सापडते, साधारण ५ अंशांवर आणि ४२ अंशांवर. ५ अंशांची नळी घेराच्या दिशेने फार कमजोर राहील. ४२ अंशांची नळी भक्कम होईल, पण तिथे आलेख कड्यासारखा उभा आहे. कोन एका अंशाने चुकला की प्रसरणांक ०.८ ने हलतो. कापड हाताने घालताना दोन अंशांची चूक माझ्याकडून होणारच. कागदावर शून्य आणि हातात दीड, असे साहित्य माझ्या उपयोगाचे नाही.

१७ मार्च २०२४

आज जे हाती आले त्याने मन भरून आले. तिरप्या थरांच्या मध्यावर घेराच्या दिशेने एकच थर पट्ट्यासारखा गुंडाळला, तर तो जाळीला रुंदीत उघडू देत नाही आणि उणे आकडा वर येतो. पट्टा जास्त जाड झाला की तो जाळीला अगदी जखडून टाकतो आणि आकडा एकच्या वर जातो. आठ तिरपे थर आणि एक पट्टा, सगळे सारख्या जाडीचे, या प्रमाणात मात्र वेगळेच घडते. २० अंशांना प्रसरणांक ०.१७ येतो, २५ ला जवळजवळ शून्य, ३० ला ०.०३. कडा होता तिथे आता पठार आहे. माझा हात दोन-तीन अंश इकडेतिकडे गेला तरी नळीला त्याची फारशी जाणीव होणार नाही.

ताठपणाही पाहिला. लांबीच्या दिशेने ६९ गिगापास्कल येतो, म्हणजे ॲल्युमिनियमइतकाच, आणि घनता त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. २५ अंश पक्के केले.

७ एप्रिल २०२४

०.२ सारखा आकडा मोजायचा तर लहान तुकडा उपयोगी नाही. ३०० मिलिमीटरचा तुकडा ३० अंश तापवला तरी फक्त दोन मायक्रॉन हलेल आणि तेवढी चूक माझ्या गेजमध्येच आहे. म्हणून नमुने एक मीटर लांबीचे, २५ मिलिमीटरच्या पाइपवर गुंडाळून केले. डायलाटोमीटर, म्हणजे प्रसरण मोजण्याचे उपकरण, घरीच बांधला. प्लायवूडच्या उभ्या पेटीला आतून ग्लासवूल लावले, तळाशी ग्रॅनाइटची लादी ठेवली, तिच्यावर नमुना आणि शेजारी फ्यूज्ड सिलिकाची कांडी. कांडीच्या माथ्यावर गेजचे अंग बसते आणि गेजची सुई नमुन्याला टेकते. गेज दोघांमधला फरक दाखवतो, त्यात सिलिकाचे स्वतःचे ०.५५ मिळवायचे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात, म्हणजे आताच्या विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विभागात, विद्यार्थिदशेत असे उपकरण काचेच्या कपाटाबाहेरून पाहिले होते. ते आज स्वतः जुळवताना त्याची साधी रचना किती विचारपूर्वक केलेली आहे हे समजले. पडताळ्यासाठी ॲल्युमिनियमची सळई लावली, आकडा २३.१ आला. उपकरणावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

२१ एप्रिल २०२४

पहिला नमुना वाया गेला. ५० अंशांपर्यंत गेज जवळजवळ स्थिर होता, ५५ च्या पुढे तो एका बाजूला सरकत राहिला, आणि पेटी थंड झाल्यावर नमुना मूळ लांबीला परत आला नाही. तो १९ मायक्रॉन आखूड भरला. सामान्य तापमानाला वाळवलेले रेझिन पूर्ण पक्के झालेले नसते आणि पन्नास-साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागते, हे मला ठाऊक होते, तरीही घाई केली. त्याच दुपारी गच्चीवर उन्हात ठेवलेल्या काळ्या तुकड्याचे तापमान ६७ अंश भरले. येथील उन्हाळ्यात न भाजलेली नळी दुपारी गच्चीवर विसरली तर रात्रीपर्यंत तिचा आकारच बदललेला असेल. यापुढे प्रत्येक नमुना रेझिनच्या पत्रकाप्रमाणे तासाला दहा अंशांनी चढवत ८० अंशांपर्यंत नेऊन तिथे आठ तास ठेवायचा आणि पेटीतच हळूहळू थंड होऊ द्यायचा.

१२ मे २०२४

भाजलेल्या नमुन्यांची मोजणी २५ ते ५५ अंशांत पूर्ण झाली. २५ अंश कोन आणि मध्ये पट्टा असलेल्या तीन नमुन्यांचे आकडे उणे ०.१, अधिक ०.२ आणि अधिक ०.३ आले. तुलनेसाठी मुद्दाम केलेल्या ४२ अंशांच्या दोन नमुन्यांपैकी एकाचा उणे १.४ आणि दुसऱ्याचा अधिक १.९ आला. दोन्ही एकाच हाताने, एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या रेझिनने केलेले आहेत.

९ जून २०२४

मोठी नळी झाली. मँड्रेल, म्हणजे कापड ज्याच्यावर गुंडाळायचे तो साचा, म्हणून ३१५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, त्याला लांबीने एक उभी चीर पाडून तीत लाकडी पाचर ठोकली, वर मेणाचे चार हात आणि पॉलिएस्टरची फिल्म. या दिवसांत दुपारी ३८ अंशांत भांड्यातले रेझिन वीस मिनिटांत तापून घट्ट होते, म्हणून मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पहाटे चार वाजता काम सुरू केले आणि रेझिन दोनशे-दोनशे ग्रॅमच्या वाट्यांतच कालवले.

यूडी कापड, म्हणजे सर्व तंतू एकाच दिशेने असलेले कापड, कोरडे असताना राखाडी आणि निसरडे असते आणि कडा धरली की तंतू बोटांना चिकटून निघतात. रेझिनचा रोलर फिरला की ते काळेभोर होते, आणि राखाडी राहिलेला प्रत्येक ठिपका म्हणजे आत अडकलेली हवा. भाचा टॉर्च तिरपी धरून असे ठिपके दाखवत होता आणि मी ते रोलरने कडेला लोटत होते. क्रम उजवा, डावा, डावा, उजवा, मग पट्टा, मग पुन्हा उजवा, डावा, डावा, उजवा असा ठेवला, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजू सारख्या राहतात आणि नळी पिळली जात नाही. शेवटी श्रिंक टेप ताणून गुंडाळली आणि हॉट एअर गनने आक्रसवली, तेव्हा टेपच्या प्रत्येक वेढ्याच्या कडेने जादा रेझिनचे मण्यांसारखे थेंब बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी पाचर काढताच पाइप आत मिटला आणि नळी नुसत्या हाताने सरकून निघाली. पीव्हीसी ८० अंश सोसत नाही, म्हणून भाजण्याआधी ती काढणे आवश्यकच होते. वजन ३.८ किलो, जुन्या नळीचे ७.२. कोन मोजले तर एका ठिकाणी ते २८ अंश भरले. पठारावर आहोत, म्हणून ते तसेच राहू दिले. टोकांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या आणि कार्बन यांच्यामध्ये काचतंतूच्या कापडाचा एक थर घातला आहे, कारण दोघांचा थेट स्पर्श झाला आणि दमट हवा मिळाली की ॲल्युमिनियम गंजू लागते.

८ सप्टेंबर २०२४

काल गणपती बसले. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा नळी वरच्या मजल्यावर असल्यामुळे वाचली, पण हवेतला ओलावा दोन आठवडे भिंतींवर दिसत होता. मे महिन्यातला एक नमुना पुन्हा तोलला. २३२ ग्रॅमचा नमुना २३२.७ ग्रॅम भरला. लांबी त्याच तापमानाला १२ मायक्रॉनने वाढलेली होती. मीटरमागे ०.२ मायक्रॉनचा माझा नमुना साठ अंश तापवला असता तरच इतका वाढला असता. ज्या कारणासाठी लाकूड नाकारले तेच कारण इथे दुसऱ्या दाराने आत आले, कारण रेझिन पाणी शोषते आणि फुगते.

हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली, तिचे आरसे धरून ठेवणारा सांगाडा याच जातीच्या कार्बन-इपॉक्सीचा आहे. निर्वात अवकाशात त्यातला ओलावा हळूहळू निघून गेला, सांगाडा आक्रसत गेला आणि दुय्यम आरसा वर्षानुवर्षे थोडाथोडा सरकवून फोकस सांभाळावा लागला. त्यामुळे ही माझ्या हाताची उणीव नसून पदार्थाचा स्वभाव आहे, असे मानायला जागा आहे. बाहेरून पॉलियुरेथेनचा पांढरा रंग दिल्याने ओलावा शिरण्याचा वेग कमी होईल, थांबणार नाही. परंतु हा बदल आठवड्यांत घडतो आणि मला नळी स्थिर हवी आहे ती एका रात्रीपुरती. दर रात्री आरंभी फोकस साधायचाच असतो, तेव्हा हा मुद्दा रंग आणि सिलिका जेल यांवर सोडून पुढे जाते.

३१ डिसेंबर २०२४

काल रात्री डभोई रस्त्यावर पहिली खरी परीक्षा झाली. संध्याकाळी २७ अंश, पहाटे १३. मध्यरात्रीपर्यंत सगळे उत्तम होते. दोनच्या सुमारास मास्कमधली मधली रेघ सरकलेली दिसली. फोकसर भाच्याच्या हातात होता. तो म्हणाला, "मावशी, आज उलटं फिरवायला लागतंय." मी स्वतः फिरवून पाहिले. खरोखरच आत न्यावा लागत होता. पहाटेपर्यंत एकूण सुमारे ३० मायक्रॉन आत. मुभा २७ ची. जुन्या नळीच्या तुलनेत हा बदल सुमारे बाराव्या हिस्स्याएवढाच आहे, तरी दिशा उलटी आहे आणि तिचे कारण मला रात्रभर सापडले नाही. नळी थंडीत वाढली असे मानावे, तर डायलाटोमीटर खोटा ठरतो.

२ जानेवारी २०२५

डायलाटोमीटर खरा आहे. चूक प्रश्नातच होती. आरसा बोरोसिलिकेट काचेचा आहे आणि तिचा प्रसरणांक ३.३ आहे. आरसा थंड झाला की तो सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात आक्रसतो, त्याबरोबर त्याच्या वक्रतेची त्रिज्या आक्रसते आणि नाभीय अंतरही. १२५० मिलिमीटरला दर अंशी ४.१ मायक्रॉन. फोकस आरशाकडे येतो आणि माझी नळी मात्र हट्टाने जागची हलत नाही.

आज पूर्ण जमाखर्च मांडला. आरशाची मागणी ४.१. नळी लांबीने ०.२ देते. घेराच्या दिशेने तिचा प्रसरणांक ८.५ आहे, आणि अक्षापासून फोकसरपर्यंतच्या १५८ मिलिमीटरमध्ये त्यातून १.३ मिळतात. फोकसर आणि कॅमेरा यांचा धातू कॅमेऱ्याला बाहेर ढकलतो, आरशामागच्या बैठकीचा धातू आरशाला पुढे ढकलतो, आणि त्यांच्या वजाबाकीतून ०.५ उरतात. एकूण २.०. तूट २.१ ची, १४ अंशांना २९ मायक्रॉन. मोजले तेही तेवढेच.

आता फेब्रुवारीतला तो चपखल हिशेबही उलगडला. ॲल्युमिनियमच्या नळीत आडव्या दिशेचे ३.६ आणि धातूचे ०.५ मिळून नेमके ४.१ होत होते, आणि आरशाची मागणी त्यातच गुपचूप भागत होती. नुसत्या लांबीचे गणित बरोबर आले, म्हणून दुसरे काही पाहिलेच नाही. दहा महिने मी शून्याच्या मागे होते, आणि आरशाला हवी होती ती त्याच्या चालीने चालणारी नळी.

१९ जानेवारी २०२५

उत्तरायणात पतंगांमुळे गच्चीवर काम करता आले नाही, त्यामुळे गणिताला सलग वेळ मिळाला. लांबीने आणि आडव्या दिशेने नळीने मिळून ३.६ द्यायला हवेत, म्हणजे दोन्ही दिशांना सारखा धरल्यास प्रसरणांक २.९ हवा. असा आकडा देणारी रचना शोधताना सर्वांत साध्या कापडापाशी येऊन थांबले. ताणा आणि बाणा सारखे असलेले विणीचे कार्बन कापड, तंतूंचे प्रमाण ५५ टक्के असेल तर २.६ देते, ४५ टक्के असेल तर ३.४. हाताने भिजवलेल्या कापडात प्रमाण नेमके याच दोहोंच्या मध्ये येते.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. ताणा-बाण्यासारख्या सममितीच्या, काटकोनातल्या दोन दिशांना प्रसरणांक सारखा असला, की त्या प्रतलातल्या प्रत्येक दिशेला तो तोच असतो. ताठपणाचे तसे नाही, तो कोनागणिक बदलतो, पण प्रसरणाच्या गणिताची घडणच अशी आहे. म्हणजे हे कापड तिरपे गेले, सरळ गेले, हातातून थोडे सुटले, तरी आकडा हलत नाही. मार्चमध्ये पठार सापडले म्हणून हरखले होते. हे तर मैदानच आहे, आणि ते कापड शेडच्या फळीवर पहिल्या दिवसापासून पडून होते.

२ फेब्रुवारी २०२५

दुसरी नळी त्याच मँड्रेलवर, विणीच्या कापडाचे नऊ थर घालून केली. कोन मोजण्याचे काम नसल्यामुळे चार तासांत आटोपले. थंडीमुळे रेझिनने मात्र दीड दिवस घेतला. भाजल्यानंतर वजन ४.३ किलो. सोबत केलेल्या नमुन्याचा प्रसरणांक ३.१.

१ मार्च २०२५

२७ फेब्रुवारीची रात्र, संध्याकाळी ३० अंश, पहाटे १६. आरशामागचा पंखा रात्रभर चालू ठेवला, म्हणजे काच हवेच्या फार मागे राहत नाही. संध्याकाळी साडेसातला फोकस साधून फोकसरचा स्क्रू घट्ट केला आणि पहाटे पाचपर्यंत सैल केला नाही. जमाखर्चाप्रमाणे दर अंशाला ०.३ मायक्रॉनची वाढ उरते, म्हणजे १४ अंशांना चार. पहाटे स्क्रू सोडून फोकस पुन्हा साधला, तेव्हा गेज ७ मायक्रॉन दाखवत होता. फोकस साधण्यातली माझी स्वतःची चूक पाच मायक्रॉनची धरली तर यापुढे खोलात जाण्यात अर्थ नाही. रात्रभराचे एकही छायाचित्र टाकावे लागले नाही.

मे महिन्यात ४३ अंशांच्या दुपारनंतर हीच मोजणी एकदा करायची आहे आणि सप्टेंबरात नळी पुन्हा तोलायची आहे. पहिली नळी मोडायची नाही. कधी फ्यूज्ड सिलिकाचा आरसा मिळाला, तर ०.५५ च्या त्या काचेला तीच जवळची ठरेल. भाच्याने ती जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, आत सिलिका जेलच्या दोन पिशव्या टाकून.